घराचा होकार आणि तिचा होकार : एका छायाचित्रकाराचे आणि एका डेऱ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईतील हार्बर मार्गालगतच्या एका वस्तीतील तृतीयपंथी डेऱ्याचे, म्हणजे गुरू आणि तिच्या चेल्यांच्या एकत्र घराचे, आणि त्या डेऱ्यात साडेनऊ वर्षे घरच्यासारखी ये-जा असलेल्या एका छायाचित्रकाराचे आहे. ओळख पटू नये म्हणून वस्तीचे नाव, माणसांची नावे आणि काही खुणा गाळल्या वा बदलल्या आहेत. डेऱ्याच्या गुरूंना येथे माई म्हटले आहे, आणि जिच्या छायाचित्रावरून प्रश्न उभा राहिला त्या चेल्याला धाकटी. बिरादरीत बोलणे स्त्रीलिंगी चालते, तरी ‘चेला’ हा शब्द तसाच राहतो, म्हणून मीही तो तसाच ठेवला आहे. दोन्ही बाजूंच्या सांगण्यावरून मी यातल्या तीन बैठकांना मध्यस्थ म्हणून बसले होते. माईंविषयी आणि धाकटीविषयी मला आपुलकी आहे, हे वाचकाने सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

डेरा म्हणजे काय, हे नीट कळल्याशिवाय पुढचा पेच कळत नाही. मुंबईत हिजड्यांची घराणी आहेत. लष्करवाला, भेंडीबाजारवाला, पूनावाला अशी त्यांची नावे शहराच्या जुन्या भूगोलाची आठवण देतात. घरातून हाकललेले किंवा स्वतःहून बाहेर पडलेले मूल गुरू करते आणि त्या गुरूच्या घराण्याचे होते. बधाईची (बारसे-लग्नात आशीर्वाद देऊन मिळणारी) आणि मंगतीची (गाड्यांत, रस्त्यावर मागून मिळणारी) कमाई गुरूकडे येते, आणि आजारपण, पोलीस ठाणे, डोक्यावरचे छप्पर, मेल्यावरची माती हे सारे गुरू पाहते. चेल्याने गुरूचा शब्द मोडला तर दंड बसतो, प्रकरण वाढले तर जमात, म्हणजे बिरादरीची पंचायत, बसते, आणि हुक्कापाणी बंद झाले तर त्या माणसाला शहरात दुसरे घर उरत नाही. माई मूळच्या कोल्हापूरकडच्या, लहानपणी यल्लम्माला सोडलेल्या जोगता. गळ्यात दर्शन, म्हणजे दीक्षेची मण्यांची माळ; घरात देवीचा जग, म्हणजे डोक्यावर वाहून न्यायची देवीची मूर्ती. त्यांच्या डेऱ्यात त्या काळी अकरा चेले होत्या, त्यांपैकी चौघी मुसलमान घरांतून आलेल्या.

छायाचित्रकार २०१३ च्या पावसाळ्यात एका नियतकालिकाच्या कामासाठी तेथे प्रथम गेले. काम दोन दिवसांचे होते. पंधरा दिवसांनी ते छापलेल्या प्रती घेऊन परत गेले, प्रत्येकीला तिचा फोटो दिला, आणि येथून पुढच्या सगळ्याची सुरुवात झाली. त्याआधी डेऱ्यात कॅमेरे पुष्कळ आले होते, फोटो परत आलेला नव्हता.

नाते कसे वाढले

पुढच्या वर्षी १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार असल्याचा निकाल दिला. त्या संध्याकाळी छायाचित्रकार डेऱ्यातच होते. दूरचित्रवाणीवर बातमी चालू असताना माईंनी पेढे मागवले आणि पहिला पेढा त्यांच्या हातावर ठेवला. तोपर्यंत ते ‘फोटोवाले’ होते; त्यानंतर चेल्यांसाठी ‘दादा’ आणि माईंसाठी ‘बाळा’ झाले.

ते कर्नाटकातल्या सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेत सोबत गेले. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला जोगत्यांच्या बांगड्या फोडल्या जातात आणि माघातल्या अहेव पुनवेला पुन्हा भरल्या जातात. या दोन्ही दिवशी त्यांना कॅमेरा बाहेर काढू दिला गेला, जे सहसा कुणाला मिळत नाही. एका चेल्याच्या शेवटच्या आजारपणात ते अकरा रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपले, कारण पुरुषांच्या वॉर्डात की बायकांच्या, यावर तिला खाट मिळत नव्हती आणि भांडायला कोणीतरी तेथे असणे भाग होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे त्यांच्या हातून जे चुकले ते परकेपणातून चुकले, असा कोणाचा समज होऊ नये.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. लोकल गाड्या बंद झाल्या. जूनच्या मध्यात त्या सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी, आणि सर्वसामान्य प्रवाशांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली ती १ फेब्रुवारी २०२१ ला. म्हणजे गाडीतली मंगती दहा महिन्यांहून अधिक काळ बुडाली. बारशी नाहीत, लग्ने नाहीत, म्हणून बधाईही नाही. छायाचित्रकारांनी मित्रांकडून पैसे गोळा केले आणि पाच महिने डेऱ्यात तांदूळ, डाळ, तेल पोहोचवले.

याच काळात, ऑगस्टमध्ये, त्यांनी संमतिपत्रांवर सह्या करून घेतल्या. एका परदेशी अनुदानाच्या अर्जाला ती हवी होती. नमुना इंग्रजीत होता. त्यांनी तो तोंडी समजावून सांगितला, माई समोर बसल्या होत्या, आणि एका दुपारी दहा सह्या आणि चार अंगठे झाले. धान्याची पोती त्याच खोलीत भिंतीला लागून होती.

अडचण

२०२२ च्या अखेरीस काळाघोडा परिसरातील एका कलादालनात प्रदर्शन ठरले. बेचाळीस छायाचित्रे निवडली गेली, त्यांत एकूण सतरा माणसे होती. निमंत्रणपत्रिकेसाठी जे चित्र निवडले ते २०१६ सालचे होते : सकाळच्या उन्हात धाकटी भिंतीला टेकवलेल्या आरशापुढे बसून चिमट्याने हनुवटीवरचे केस उपटते आहे आणि मागे बसलेल्या माई तिच्या डोक्याला तेल लावत आहेत. ज्यांनी ते पाहिले त्यांना ते आई-मुलीचे चित्र वाटले. मलाही वाटले.

धाकटी तेव्हा वीस वर्षांची होती आणि डेऱ्यात नुकती आली होती. २०२२ पर्यंत तिच्या आयुष्यात बरेच बदलले होते. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकारी ओळख प्रमाणपत्र देतात. ते तिने वांद्र्याच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालून मिळवले होते, आणि एका खासगी कार्यालयात स्वागतकक्षावर बसू लागली होती. माईंनी तिला मंगतीतून मोकळे केले होते, ही बिरादरीत लहान गोष्ट नव्हे. गावाकडे मात्र ‘मुलगा मुंबईला कंपनीत आहे’ एवढेच ठाऊक होते, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती.

उद्घाटनाला अकरा दिवस उरले असताना पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरू लागली. कार्यालयातल्या एका सहकारी बाईने तिला ती दाखवून विचारले, ‘ही तुझ्यासारखीच दिसते ना गं?’ त्या रात्री धाकटीने छायाचित्रकारांना फोन करून ते चित्र काढायला सांगितले.

त्यांनी पहिल्यांदा जे उत्तर दिले ते येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण स्वतः त्यांनीच ते नोंदवायला सांगितले : ‘पण तू सही केली होतीस.’

दुसऱ्या दिवशी हे माईंच्या कानावर गेले आणि पेच दुहेरी झाला. माईंच्या दृष्टीने होकार त्यांनी दिला होता आणि तो घराचा होकार होता. काल आलेली पोर गुरूच्या शब्दावर शब्द ठेवते, आणि तेही बाहेरच्या माणसाजवळ, हे त्यांना लागले. छायाचित्रकारांनी धाकटीची बाजू उघडपणे घेतली तर गुरूचा मान जाणार आणि दंड धाकटीलाच बसणार. माईंचा शब्द धरला तर धाकटीची नोकरी, बहिणीचे लग्न आणि गावाकडचे उरलेसुरले नाते धोक्यात जाणार. नऊ वर्षांच्या जवळिकीमुळे ते घरात शिरले होते, आणि त्याच जवळिकीमुळे आता त्यांना बाहेरच्या माणसाप्रमाणे निर्णय घेता येत नव्हता.

पर्यायांचा विचार

कायद्याने पाहिले तर चित्र काढण्याची सक्ती झाली असती असे वाटत नव्हते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःच्या पुढाकाराने काढलेल्या छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो. ज्याचे चित्र काढले त्याचा त्यावर मालकी हक्क नसतो. २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आहे खरा, पण हातात सही केलेले पत्र असताना अकरा दिवसांत न्यायालयात जाणे धाकटीला शक्य नव्हते, आणि कायदा आपल्या बाजूचा आहे म्हणून तो वापरावा असे छायाचित्रकारांनाही दुसऱ्या दिवसानंतर वाटले नाही. दालनाच्या व्यवस्थापनाने मात्र हा मुद्दा वारंवार पुढे केला.

दुसरा पर्याय चेहरा झाकण्याचा होता. छायाचित्रकारांनी रात्रभर बसून आरशातला चेहरा गडद केला आणि नमुना धाकटीला दाखवला. ती म्हणाली, ‘दादा, हे तोंडाला काळं फासल्यासारखं दिसतंय.’ हा पर्याय तेथेच संपला, आणि संपायलाच हवा होता. चेहरा पुसल्यावर त्या चित्रात उरतो तो फक्त चिमटा, म्हणजे जे जगाने पाहू नये असे तिला वाटत होते नेमके तेवढेच.

तिसरा पर्याय प्रकरण जमातीपुढे नेण्याचा होता. बिरादरीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी तो सुचवला आणि त्यामागे विचार होता : निर्णय पंचांचा झाला तर माईंना कोणी खोटे पाडले असे होत नाही. पण जमात बसली की बोलावे लागते ते धाकटीला, सर्वांसमोर, आणि दंड ठरतो तोही तिथेच. आपले गुपित राहावे म्हणून धडपडणाऱ्या व्यक्तीला पन्नास जणींपुढे ते मांडायला लावणे मला क्रूर वाटले आणि मी तसे बोलले.

चौथा पर्याय प्रदर्शनच पुढे ढकलण्याचा. माईंना तो मुळीच नको होता, कारण उद्घाटनाला नेसायच्या साड्या घेऊन झाल्या होत्या आणि सौंदत्तीच्या ओळखीच्या जोगत्यांना सांगावे गेले होते. प्रदर्शन हे त्यांचेही होते, हे विसरून चालणार नव्हते. इतक्या वर्षांत कोणी त्यांना काळाघोड्याच्या दालनात पाहुण्या म्हणून बोलावले नव्हते.

याच चर्चेत छायाचित्रकारांनी एक जुना दाखला काढला. १९८९ मध्ये छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी दिल्लीतील तृतीयपंथी मोना अहमद यांची छायाचित्रे एका लंडनच्या दैनिकासाठी काढली होती. ती तिकडे छापली जाणार हे कळताच, तिकडे राहणारे नातेवाईक पाहतील म्हणून मोनांनी फिल्म परत मागितली, आणि ती त्यांना देण्यात आली. त्या परत केलेल्या फिल्मपासून सुरू झालेली मैत्री २०१७ मध्ये मोनांच्या मृत्यूपर्यंत टिकली. हा दाखला छायाचित्रकार आपल्या विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे सांगत आले होते. ‘सांगणं सोपं होतं, तेव्हा माझी पत्रिका छापलेली नव्हती,’ असे ते त्या बैठकीत म्हणाले.

काय केले

आठ दिवस उरले असताना चित्र काढण्याचा निर्णय झाला. तो माईंसमोर कसा मांडायचा, हा खरा अवघड भाग होता आणि त्यावर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला. शेवटी छायाचित्रकार एकटे माईंकडे गेले, पाया पडले, आणि धाकटीने काय मागितले याचा उल्लेखही न करता म्हणाले की चूक माझी आहे. मी तुमचा होकार घेतला आणि पोरींना वेगवेगळे विचारले नाही. आता मला ते विचारायचे आहे आणि त्यासाठी तुमची परवानगी हवी. त्यामुळे प्रश्न गुरूच्या शब्दाचा न राहता छायाचित्रकाराच्या चुकीचा झाला, आणि चुकलेल्याला वाट करून देणे हे गुरूचे कामच असते. माई बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘विचार.’ धाकटीला दंड झाला नाही.

त्यानंतर सहा दिवस प्रत्येकीला वेगळे विचारण्यात गेले. कोणाला चहाच्या टपरीवर, कोणाला वडाळ्याच्या फलाटावर, एकीला फोनवर. डेऱ्यात कोणालाच नाही. हातात छापील प्रत, आणि प्रश्न तीन : हे चित्र भिंतीवर लागले तर चालेल का, मोबाइलवर फिरले तर चालेल का, विकले तर चालेल का. पहिल्याला हो म्हणणाऱ्या अनेकींनी दुसऱ्याला नाही म्हटले. २०२० च्या नमुन्यात हा फरक नव्हताच. धाकटीखेरीज आणखी तिघींनी आपली चित्रे काढायला सांगितली, त्यांपैकी एकीने कारण दिले नाही आणि ते विचारलेही गेले नाही. मला सर्वात बोचले ते एका चौथीचे बोलणे. तिची चित्रे राहिली, पण ती म्हणाली की तेव्हा सही केली कारण घरात त्यांचे तांदूळ शिजत होते.

गेलेल्या चेल्याची तीन चित्रे होती. तिच्या वतीने कोण बोलणार? जन्मदात्या घराने प्रेत नाकारले होते, माती माईंनी दिली होती, तरी तीन वर्षांनी एक भाऊ येऊन तिचा फोटो मागून गेला होता. रुग्णालयातले चित्र काढावे आणि नाचतानाचे दोन ठेवावे असे माईंनी सांगितले, आणि तसे केले. हा निर्णय योग्य होता की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही.

काढलेल्या चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी लावाव्यात असे दालनाने सुचवले. धाकटीने तेही नाकारले. रिकामी चौकट म्हणजे इथे कोणीतरी लपले आहे असे ओरडून सांगणेच झाले असते. म्हणून भिंतीच नव्याने लावल्या गेल्या आणि एकतीस चित्रांचे प्रदर्शन झाले. पत्रिका बदलली, खर्च छायाचित्रकारांनी सोसला.

परिणाम

उद्घाटन चांगले झाले. माई जरीकाठी हिरव्या साडीत आल्या, सौंदत्तीच्या जोगत्या चौंडके घेऊन आल्या, आणि दालनात त्या दिवशी मराठी, कन्नड आणि दखनी बोलणे चालले होते. धाकटी आली नाही.

मोबाइलवर गेलेली पत्रिका परत घेता आली नाही. छायाचित्रकारांनी स्वतः ज्यांना पाठवली त्या प्रत्येकाला ती काढून टाकण्याची विनंती केली आणि बहुतेकांनी ऐकले, पण पुढे ती कोठे गेली याचा माग नाही. धाकटीच्या बहिणीचे लग्न एप्रिलमध्ये ठरल्याप्रमाणे झाले. ती लग्नाला गेली, केस कापून आणि शर्ट-पँट घालून. गावातल्या एका चुलत भावाने तिला मांडवाच्या मागे बोलावून आपल्याकडे ते चित्र असल्याचे सांगितले. त्याने ते अजून कोणाला दाखवलेले नाही, पण दर दोन महिन्यांनी तो तिच्याकडे पैसे मागतो. पोलिसांत जावे असे मी सुचवले. गावात कळेल म्हणून ती जायला तयार नाही. चित्र आठ दिवस आधी उतरवले म्हणजे हानी टळली, असे म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही ते या कारणाने.

मूळ फाइल आणि एकमेव मोठी प्रत छायाचित्रकारांनी धाकटीला दिली. स्वतःकडे काही ठेवले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वात मोठी चूक ऑगस्ट २०२० ची. मदत चालू असताना, मदत घेणाऱ्यांकडून, त्यांच्या गुरूसमोर आणि त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत घेतलेली सही कागदावर पक्की असते, पण तिला होकार म्हणता येत नाही. अनुदानाची मुदत चुकली असती तरी चालले असते. आता त्यांचा नमुना मराठीत आणि हिंदीत आहे, तीन प्रश्न वेगळे आहेत, दर प्रदर्शनाआधी नव्याने विचारायचे असे त्यात लिहिले आहे, आणि कोणत्याही वेळी नाही म्हणता येईल हे वाक्य सर्वात वर आहे.

पैशाचा व्यवहारही आधीच उलगडायला हवा होता. २०१७ मध्ये सहा चित्रे एका संग्राहकाने घेतली होती आणि आलेल्या रकमेतला निम्मा वाटा छायाचित्रकारांनी डेऱ्याच्या रीतीप्रमाणे माईंच्या हाती दिला होता. चित्रातल्या चेल्यांना प्रत्येकी एक साडी मिळाली, किंमत किती आली हे कळले नाही. रीत पाळणे हा आदर होता, पण त्या आदरात चेल्यांचा हिशेब बुडाला. आता निम्म्या वाट्याचे दोन भाग होतात, एक माईंचा आणि एक चित्रातल्या व्यक्तीच्या खात्यात थेट. माईंनी यावर सुरुवातीला नाराजी दाखवली आणि मग मान्य केले.

‘तू सही केली होतीस’ या वाक्याऐवजी त्या पहिल्या रात्री ‘काढतो’ एवढा एक शब्द आला असता तर पत्रिका तीन दिवस आधी थांबली असती. चुलत भावापर्यंत ती त्याच तीन दिवसांत पोहोचली असावी असा धाकटीचा अंदाज आहे.

आणि एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही, मध्यस्थ म्हणून माझ्याही नाही. प्रदर्शनानंतर चार महिने माईंनी छायाचित्रकारांशी जेमतेम बोलणे ठेवले होते. आम्ही तो मानापमानाचा राग समजलो. जूनमध्ये त्यांनी स्वतःच बोलावून घेतले आणि सांगितले, ‘सगळ्यांना विचारत फिरलास, मला कुठं विचारलंस? माझाच फोटो होता की तिथं.’ घराचा होकार देणाऱ्या म्हणून आम्ही त्यांच्याकडे पाहत राहिलो होतो; त्यांचा स्वतःचा होकार कोणी मागितलाच नव्हता. रांडाव पुनवेला बांगड्या फुटताना रडणाऱ्या त्यांच्या चेहऱ्याचे चित्र दालनात बारा दिवस प्रवेशद्वारासमोर लागले होते. त्या दुपारी छायाचित्रकारांनी माईंची नऊ वर्षांतली सगळी छायाचित्रे, एकशे चाळीसच्या आसपास, जमिनीवर पसरली. माईंनी चष्मा लावून एकेक पाहिले, त्यातली सव्वीस बाजूला काढली, आणि ती देवीच्या जगाखाली ठेवून दिली.